मांडवाखालचे बारा महिने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी अधिकारी वक्ते आपल्याशी बोलले आहेत. गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालय, संक्रांतीचे हळदीकुंकू या साऱ्यांचा आलेख त्यांनी आपल्यापुढे मांडला. आमच्याकडे कार्यकारिणीने सोपविलेला विषय त्या मानाने धाकटा आहे. मंडळातील चौदा कुटुंबे गेले सव्वा वर्ष थेनी जिल्ह्यातील कंबम खोऱ्यात एका द्राक्षमळ्यात स्वयंसेवेचे काम करीत आहेत. त्याची हकीकत सांगावी, अशी आम्हांस आज्ञा झाली. हकीकत सांगताना काही प्रश्नही मांडावे लागतील. ते सगळे सुटलेले नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

द्राक्षे म्हटली की आपल्या मनापुढे नाशिक उभे राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयंबेडूच्या बाजारात हिरव्या, लांबट, बिनबियांच्या द्राक्षांच्या पेट्या येतात आणि त्यांवर देवनागरीत निफाडचे किंवा तासगावचे नाव दिसले, की भाव न विचारता पेटी उचलणारे गृहस्थ या सभागृहात पुष्कळ आहेत. परंतु चेन्नईच्या हातगाड्यांवर वर्षाचे बाराही महिने दिसते ते द्राक्ष निराळे. ते गोल, काळसर जांभळे, पातळ सालीचे, बियांचे आणि सुवासिक असते. तमिळमध्ये त्याला ‘पन्नीर द्राट्चै’ म्हणतात. यातील पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. आपल्या पनीराशी त्याचा संबंध नाही. ‘द्राट्चै’ मात्र आपल्याच ‘द्राक्षा’ची बहीण. शास्त्रीय ग्रंथांत या वाणाचे नाव मस्कत हॅम्बुर्ग असे आहे. एका फ्रेंच पाद्र्याने १८३२ मध्ये तो तमिळ प्रदेशात आणला, असे सांगितले जाते. २०२३ मध्ये कंबमच्या या द्राक्षाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नाव जर्मन शहराचे, आणणारा फ्रेंच, आणि पाणी, ते पुढे सांगतो, इंग्रज अभियंत्याने वळविलेले. त्या वेलीला आता मराठी हातही लागले एवढेच.

चेन्नईपासून कंबम सुमारे पाचशे किलोमीटर. पूर्वी मदुराईला उतरून पुढे बसचा प्रवास करावा लागे. २०२३ च्या जूनपासून चेन्नई सेंट्रलहून बोडिनायक्कनूरपर्यंत थेट रेल्वेगाडी सुरू झाली, ती आठवड्यातून तीन दिवस धावते. रात्री बसले की सकाळी थेनी येते. ही गाडी नसती तर आमचा उपक्रम पहिल्या उत्साहातच आटोपला असता, असे आमचे मत आहे. लोकांचा उत्साह आणि रेल्वेचे वेळापत्रक यांचे नाते आपण समजतो त्यापेक्षा जवळचे असते.

थेनी सोडून दक्षिणेकडे जावे, तसे दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येऊ लागतात. पश्चिमेकडील रांगेपलीकडे केरळ. हा सह्याद्रीच आहे. नाशिकला ज्याच्या पूर्वेकडील उतारावर आपली द्राक्षे पिकतात, त्याच पर्वताच्या दक्षिण टोकाशी, पुन्हा पूर्वेकडच्याच बाजूला, हे खोरे आहे. डोंगर पावसाचे ढग अडवितो, मागे कोरडे ऊन आणि मोकळा वारा राहतो, आणि पाणी मात्र बाहेरून आणावे लागते. द्राक्षाला हे मानवते. कंबमला पाणी येते ते मुल्लपेरियारचे. पश्चिमेकडे वाहणारी पेरियार नदी अडवून, डोंगरातून बोगदा काढून, तिचे पाणी पूर्वेकडे वैगईच्या खोऱ्यात सोडण्याचे काम कर्नल जॉन पेनिक्विक यांनी १८९५ मध्ये पुरे केले. त्या खोऱ्यातील घरांत आणि दुकानांत देवादिकांच्या तसबिरींशेजारी पेनिक्विकसाहेबांचा फोटो लावलेला दिसतो. पोंगलच्या दिवसांत त्यांची जयंती येते आणि त्यांच्या नावाने पोंगल शिजवितात. लोअर कॅम्प येथे त्यांचे स्मारक आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसाचे नाव तिथले शेतकरी सव्वाशे वर्षे घेत आहेत. आपल्यासारख्या परगावी राहणाऱ्यांनी यावर थोडे थांबून विचार करावा, एवढे सुचवून पुढे जातो.

आता वेलीविषयी. हा भाग जरा विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी, कारण आमच्या साऱ्या कामाचे मर्म त्यातच आहे.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि वसंतात जागी होते. तिला वर्ष कळते. आपल्या उष्ण प्रदेशात ती झोपत नाही. मोकळी सोडली तर वाढतच राहते, आणि फळ धड येत नाही. म्हणून इथे ऋतू माणसाने निर्माण करावा लागतो. तो कात्रीने करतात. नाशिक-सांगलीकडे वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलच्या सुमारास काढणीनंतरची खरड छाटणी. तिच्यातून नुसत्या काड्या वाढवायच्या. उन्हाळ्याच्या कडक प्रकाशात त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची घडण होते; बाहेरून काहीच दिसत नाही. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी; तिच्यानंतर फुटणाऱ्या फुटींवर घड येतो आणि जानेवारी ते एप्रिलमध्ये काढणी होते. दोन छाटण्या, एक पीक. कंबमच्या मस्कतची रीत वेगळी. तिथे प्रत्येक छाटणीनंतर फूट फळ घेऊनच येते. तमिळनाडूत उन्हाळी पिकासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि पावसाळी पिकासाठी मे-जूनमध्ये छाटणी करण्याची शिफारस आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने लागतात. पण बागायतदार बाजार पाहून, पाणी पाहून, शेजारी पाहून दिवस मागेपुढे करतात. कित्येकजण दोन वर्षांत पाच पिके घेतात. त्यामुळे एकाच गावात एका मळ्यात कात्री चाललेली, दुसऱ्यात फुलोरा, तिसऱ्यात मण्यांत पाणी उतरलेले, चौथ्यात पेट्या भरणे चाललेले, असे सगळे एका सकाळच्या फेरीत दिसते. आमच्यापैकी निफाडकडून आलेल्या एका काकांनी पहिल्या दिवशी हे पाहिले आणि बांधावर बसूनच राहिले. सारा जन्म त्यांनी द्राक्षाचे वर्ष एका रेषेत पाहिलेले. इथे ते वर्तुळात मांडून ठेवलेले होते. इब्न बतूताने १४ व्या शतकात दौलताबादला पाहिलेल्या द्राक्षांविषयी, ती वर्षातून दोनदा पिकतात, असे लिहून ठेवले आहे. तेव्हा दोन पिकांची गोष्ट आपल्या मुलखालाही कधीकाळी परकी नव्हती.

कोणी म्हणेल, मळा पाहायचा तर एक दिवसाची सहल पुरे. नाशिककडे आता काढणीच्या दिवसांत द्राक्षे तुडविण्याचे समारंभ होतात, लोक हौसेने जातात, छायाचित्रे काढतात. त्यात वाईट काही नाही. परंतु सहलीला दिसते ते फक्त फळ. आम्ही आरंभीच ठरविले, की जायचे तर छाटणीपासून जायचे, आणि एकाच मळ्यात बारा महिने जायचे. दर महिन्याला दोन किंवा तीन कुटुंबांची पाळी. म्हणजे प्रत्येक कुटुंबाला वर्षातून दोनदा जावे लागते, आणि मळ्याला दर महिन्याला कोणीतरी मराठी माणूस दिसतो. इंग्लंडात १९७१ मध्ये स्यू कॉपर्ड या लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या बाईंनी शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतांवर जाऊन काम करण्याची चळवळ सुरू केली. ती आज अनेक देशांत पसरली आहे. आमची कल्पना तिथून आलेली नाही, पण शहरातल्या माणसाला मातीची ओढ लागते तेव्हा तो सगळीकडे शनिवार-रविवारच शोधतो, हे पाहून गंमत वाटते.

पहिली पाळी गेल्या वर्षीच्या संक्रांतीला झाली. तिळगूळ बरोबर नेला होता. तिकडे पोंगल चालू. मळ्याचे मालक सत्तरीचे. सारे गाव त्यांना अय्या म्हणते, आम्हीही तेच म्हणू लागलो. मळा अडीच एकरांचा. अय्यांनी तिळगूळ तोंडात टाकला, कात्र्या आमच्या हातांत दिल्या नाहीत. प्रथम आमच्याकडून छाटलेल्या काड्या गोळा करून घेतल्या. दोन दिवस तेच काम. वर तारांचा मांडव, खाली वाकलेले आम्ही. सायंकाळी पाठ सरळ होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी पाहिले, की काल कापलेल्या प्रत्येक काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमून टपकत आहे. आदल्या रात्री पाऊस नव्हता. मुळांनी ओढलेले पाणी कापाशी येऊन गळते; नाशिककडे याला वेल रडते असे म्हणतात. शहरात वाढलेल्या मुलांना, झाड जिवंत आहे हे शाळेत शिकवावे लागते. तो थेंब बोटावर घेतल्यावर आणखी काही शिकवावे लागले नाही.

पुढच्या महिन्यांचे काम एकसारखे नाही. फेब्रुवारीत फुटी तारेला बांधणे, वांझ फुटी काढणे, शेंडे मारणे. मार्चमध्ये मणी धरलेले, तेव्हा कोवळ्या घडांवर पाने घासत नाहीत ना हे पाहणे. एप्रिलमध्ये पाणी उतरू लागले, की हिरव्या घडात आधी दोन-चार मणी जांभळे होतात आणि मग आठवड्याभरात सारा मांडव काळा दिसतो. काही महिन्यांत आमच्यासारख्यांना करण्यासारखे फारसे नसते. पाटाची माती सारखी करणे, पडलेली रोगट पाने वेचून मळ्याबाहेर नेणे, सुतळीचे तुकडे करून ठेवणे, अशी कामे. पाळी अशा महिन्यात आली की काही मंडळी हिरमुसतात. त्यांना आम्ही सांगतो, की वेचलेले प्रत्येक रोगट पान म्हणजे पुढच्या पिकावरची एक कमी फवारणी.

फवारणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. औषध मारण्याच्या कामात स्वयंसेवकांनी भाग घ्यायचा नाही आणि फवारणीनंतर ठरलेले दिवस मुलांना मळ्यात पाऊल टाकू द्यायचे नाही, हा आमचा पहिला नियम आहे. तो मोडल्यास पाळी रद्द होते. अपवाद बोर्डो मिश्रणाचा, तोही फक्त ते तयार होताना लांबून पाहण्यापुरता. फ्रान्समध्ये बोर्दो प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवर, चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्या वेलींना केवडा रोग कमी होतो हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ च्या सुमारास जगाला हे औषध मिळाले. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहायला अय्या त्यात लोखंडी विळा बुडवितात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. आमच्यातील रसायनशास्त्राच्या निवृत्त अध्यापिका म्हणाल्या, की तीस वर्षे फळ्यावर लिहिलेले हे समीकरण विळ्यावर उमटलेले त्यांनी प्रथमच पाहिले.

आता ज्या प्रश्नाचा आरंभी उल्लेख केला तो.

पहिल्या दिवशीच कामकरी बायकांपैकी एक पोक्त बाई आमच्याजवळ आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी विचारले, “तुम्ही फुकट राबता. मग उद्या अय्या आम्हांला मजुरी देऊन कशाला बोलावतील?” हे तमिळमधले बोलणे आम्हांस नेमके समजावून दिले ते आपल्या तंजावूरकडच्या कुटुंबांनी. व्यंकोजीराजांच्या काळापासून त्यांची घराणी या मुलखात आहेत. त्यांच्या मराठीला आपल्यापैकी काहीजण हसतात, पण कंबमच्या मांडवाखाली तीच मंडळी आमची जीभ होती.

अक्कांचा प्रश्न भाबडा नव्हता. द्राक्षाइतकी हातांची गरज क्वचितच दुसऱ्या पिकाला असेल. नाशिककडे पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी कुटुंबांचा वर्षातील काही महिन्यांचा चरितार्थ छाटणी, विरळणी आणि काढणीवर चालतो. कंबमकडे गावोगावच्या बायका याच कामावर घर चालवितात. सुशिक्षित, पगारदार माणसाने हौसेखातर तेथे जाऊन फुकट हात लावणे म्हणजे एखाद्याच्या ताटातला घास उचलणे होऊ शकते. श्रमदान हा शब्द आपण फार सहज वापरतो. श्रम दान करणाऱ्याने, ते घेताना कोणाचे श्रम बाजूला सारले जातात, हेही पाहिले पाहिजे.

त्या रात्री आमची बैठक झाली, बरीच लांबली. काहींचे म्हणणे, की आपण परत जावे. शेवटी ठरले ते असे. ज्या कामाला मजुरी मिळते, ते काम आम्ही मजूर बायकांच्या जागी करणार नाही. शिकण्यासाठी करू तर त्यांच्या शेजारी उभे राहून करू, आणि त्या दिवशी लावलेल्या बायकांची संख्या आदल्या वर्षीइतकीच राहील. अय्यांनी हे मान्य केले आणि संख्या वहीत लिहायची ठरली. जून महिन्यात एकदा अय्या म्हणाले, तुम्ही पाचजण आहात, आज दोन बायका कमी बोलावतो. आमच्या मंडळींनी त्या दिवशी मळ्यात पाऊल टाकले नाही. देवळाच्या ओट्यावर बसून राहिली. दुपारी त्या दोघींना निरोप गेला. अय्या दोन दिवस आमच्याशी तुटक बोलले. अडीच एकरवाल्या शेतकऱ्याला दोन मजुरींचा हिशेब असतोच, त्यांचा राग आम्हांस समजतो. पण त्यानंतरच्या छाटणीला अक्कांनी स्वतः आमच्यातील मुलींचे हात धरून कात्री कशी तिरकी धरावी, डोळ्याच्या किती वर कापावे, हे शिकविले. जुलैमध्ये आम्ही प्रथम छाटणी केली ती त्यांच्या नजरेखाली.

त्या जुलैच्या छाटणीचे पीक नोव्हेंबरच्या मध्याला तयार झाले आणि ईशान्य मोसमी पावसात सापडले. तीन दिवस संततधार लागली. पिकलेल्या मस्कतची साल पातळ; मुळांनी पाणी ओढले की मणी तडकतात, रस गळतो, माश्या येतात, आंबूस वास सुटतो. ज्या व्यापाऱ्याने भाव ठरविला होता तो मळ्याच्या फाटकातूनच परतला. काढणीची मजुरी फळाच्या किमतीहून जास्त. अय्यांनी सांगितले, राहू द्या, गळून पडेल ते पडेल. पण सडलेले घड वेलीवर राहिले तर रोगाचे घर तिथेच राहते आणि पुढचे पीकही जाते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पैसा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

इथे मात्र फुकट हातांना जागा होती. दोन तुकड्यांत आमची एकोणीस माणसे गेली. सडके घड कापून, टोपल्या वाहून, मळ्याबाहेर खड्ड्यात टाकून वर चुना पसरला. चांगले राहिलेले फळ सुमारे सहाशे किलो निघाले. पण ते आम्ही काढले नाही. मंडळाच्या कुटुंबांनी ते आगाऊ पैसे देऊन विकत घेतले, आणि त्या पैशांतून प्रथम काढणाऱ्या बायकांची मजुरी दिली गेली, उरले ते अय्यांचे. मजुरी आधी आणि फळाचा भाव नंतर, हा क्रम अक्कांनी सुचविला होता. मालट्रकने ती द्राक्षे रातोरात चेन्नईला आली. त्यांतील बरीचशी चेपली होती, हे आपण सर्व जाणता, कारण पुढे महिनाभर या सभागृहातल्या प्रत्येक कार्यक्रमाला द्राक्षाचे सरबतच मिळत होते. चहा कुठे आहे, असे विचारणाऱ्या ज्येष्ठ सभासदांची या निमित्ताने क्षमा मागतो.

सहाशे किलोंनी अय्यांचे नुकसान भरून आले नाही. अडीच एकरांचे पीक गेले होते. तरी खते-औषधांच्या दुकानाची उधारी काही अंशी चुकली आणि जानेवारीत छाटणी होऊ शकली.

आपल्याकडे खेड्यांत सावड नावाची पद्धत होती. काही ठिकाणी अजून आहे. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. इर्जिकीला शेजारी आपापले बैल घेऊन येत आणि ज्याची जमीन तो सर्वांना जेवण घाली. त्यांत कोणी कोणावर उपकार करीत नसे. आमच्या कामाला सेवा म्हणण्यापेक्षा सावड म्हणावे, असे आम्हांस वाटू लागले ते यंदाच्या फेब्रुवारीत. अय्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या अम्मांच्या, डोळ्यांची शस्त्रक्रिया चेन्नईत ठरली. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त आखातात, मुलगी बंगलोरला. अम्मा नऊ दिवस आपल्यातील एका कुटुंबाकडे राहिल्या. डोळ्यांवर पट्टी, शेजारी कोणीतरी मराठी सून बसलेली, दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी येणारी. आमटीत गूळ घालतात हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. निघताना त्यांनी त्या सुनेच्या हातावर पैसे ठेवले, तिने ते घेतले नाहीत, तेव्हा अम्मा म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी तूही आमच्याकडे फुकट जेवू नकोस.” त्या घरच्यांनी हे वाक्य आम्हांला हसत सांगितले, आम्ही ते वहीत लिहून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट. आपण घर सोडून आलेली माणसे आहोत. आपल्यापैकी चार कुटुंबांचे स्वतःचे द्राक्षमळे निफाड आणि तासगावकडे होते. तासगाव हे लहानसहान गाव नव्हे. तेथील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ वाण शोधला, सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ निवडला. परदेशी विद्यापीठांना हेवा वाटावा असे हे काम साध्या बागायतदारांनी आपल्या मांडवाखाली नजर ठेवून केले. अशा मातीतून आलेल्या चारांपैकी दोन कुटुंबांच्या वेली आता उपटल्या गेल्या, एक मळा वाट्याने दिलेला, चौथ्याचे भाऊ अजून कसतात. शिकून शहरात गेलेल्यांनी मळा सोडला, हे आपल्याकडे एखाद्या दुखऱ्या दाताप्रमाणे घराघरांत असते. कोणी बोलत नाही. कंबमला गेल्यावर दिसले, की अय्यांच्या घरीही तेच आहे. त्यांची नातवंडे सुटीत पाहुणी म्हणून येतात, फळ खातात आणि परत जातात. आपली मुले त्यांच्या मांडवाखाली काड्या वेचतात आणि त्यांची मुले कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या मंडळात पोंगल साजरा करतात. या अदलाबदलीला काय म्हणावे ते आम्हांस कळत नाही.

मुलांच्या वहीविषयी सांगितल्यावाचून हे भाषण पुरे व्हायचे नाही. प्रत्येक मुलाने एक वेल निवडायची, तिला क्रमांकाची पट्टी बांधायची आणि पाळीला गेल्यावर तिची नोंद मराठीत लिहायची. घरी मराठी बोलणाऱ्या पण लिहिताना अडखळणाऱ्या या मुलांना व्याकरणाचे पुस्तक दिले तर ती पळतात. इथे मात्र डोळा, पोंगा, काडी, ओलांडा, घड, मणी हे शब्द त्यांना हवेच होते, कारण समोरच्या वस्तूला दुसरे नाव नव्हते. अक्का तमिळ शब्द सांगत, निफाडचे काका मराठी. एके दिवशी मांडवाला तमिळमध्ये काय म्हणतात असे विचारल्यावर अक्कांनी ‘पंदल’ म्हटले. आपण गणपतीला जो ‘पेंडॉल’ उभारतो तो शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला खरा, पण इंग्रजांनी तो याच तमिळ पंदलावरून घेतला. पन्नास वर्षे आपल्या गणपतीच्या डोक्यावर तमिळ शब्द उभा होता, हे एका नऊ वर्षांच्या मुलीने वहीत लिहून आणले. तिचे वाक्य तेवढे शुद्ध नव्हते. आम्ही ते दुरुस्त केलेले नाही. या वह्या ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवल्या आहेत, त्या सभेनंतर जरूर पाहाव्यात.

जानेवारीच्या छाटणीचे पीक सध्या वेलीवर आहे. परवा अक्कांचा दूरध्वनी आला, पाणी उतरू लागले आहे, खालच्या बाजूचे घड रंग धरीत आहेत. काढणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. या वेळी किती बायका लावायच्या यावर अय्या आणि अक्का यांचे अजून एकमत झालेले नाही, आणि आम्ही त्यात पडणार नाही. ठरलेली संख्या वहीत लिहिली जाईपर्यंत कोणीही कात्री उचलायची नाही, एवढेच. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नावे द्यावीत. गाडीचे आरक्षण मे महिन्यात लवकर भरते. डोक्याला टोपी किंवा जुना पंचा आणावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, चपला नकोत, बंद बूट हवेत. कात्र्या मळ्यावर मिळतील. तिळगुळाचे दिवस नाहीत, तेव्हा अम्मांसाठी पुरणपोळ्या न्याव्यात असे ठरत आहे. त्यांना गोड आवडते, फक्त ते आमटीत नको असते.